मास्साबांनी चूक काढली नाही तो दिवस

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला मेडिसिनच्या वॉर्डात पाठवलं, तेव्हा प्रत्येकीला एकेक पेशंट वाटून दिला. तीन आठवडे तो पेशंट तुमचा. त्याचं बीपी, त्याचं ड्रेसिंग, त्याचं खाणंपिणं, त्याच्या तक्रारी, सगळं तुमच्या वहीत आलं पाहिजे, आणि शेवटी वर्गासमोर उभं राहून त्याच्याविषयी बोलायचं. नऊ नंबरचा बेड कोणी घ्यायचा हा प्रश्न आला तेव्हा अख्ख्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, ये मराठी है," एकजण म्हणाली. बाकीच्यांनी इतक्या जोरात माना हलवल्या की मला तेव्हाच समजायला हवं होतं.

नऊ नंबरवर दीक्षितपुऱ्यातले एक रिटायर्ड मास्तर होते. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या एका मराठी शाळेत चाळीस वर्षं मराठी शिकवलेले. साखरेचा जुना आजार, पायाच्या अंगठ्याला झालेली जखम भरत नव्हती म्हणून भरती झालेले. सारा वॉर्ड त्यांना मास्साब म्हणे. माझ्या आधी दोन मुलींना त्यांनी परत पाठवलं होतं. एकीने वहीत 'मरीज'ऐवजी 'मरिज' लिहिलं म्हणून, आणि दुसरीने त्यांना 'अंकल' म्हटलं म्हणून. दारावर 'कृपया शांति बनाए रखे' अशी पाटी होती. तिच्यातल्या 'रखे'वर त्यांनी स्वतःच्या पेनाने अनुस्वार दिला होता. त्यासाठी जखमी पायाने दारापर्यंत चालत गेले म्हणून सिस्टर त्यांच्यावर ओरडली होती. तिच्या ओरडण्यातलीही एक चूक त्यांनी काढली, असं सांगतात.

मी गेले, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार आजोबा. आजपासून मी तुमची काळजी घेऊन राहिली."

त्यांनी चष्मा नाकावरून खाली घेतला. "घेऊन राहिली? कुठे राहिली?"

"इथंच. वॉर्डात."

"घेणार आहे. मी तुमची काळजी घेणार आहे. म्हण."

मी म्हटलं.

"घर कुठे तुझं?"

"रांझीला. बाबा कारखान्यात आहेत. आजोबा भंडाऱ्याकडून आले होते."

"अच्छा, नागपुरी मराठी," ते म्हणाले, डॉक्टर एखाद्या आजाराचं नाव घेतात तसे.

मला राग आला. आमच्या घरी मी, माझा भाऊ, शेजारची पोरं, सगळे अर्धी हिंदी बोलतो. आई एकटी वाक्य शेवटपर्यंत मराठीत बोलते, आणि ती असंच बोलते. मी म्हटलं, "आमच्या घरी असंच बोलतात आजोबा. ते काही चूक नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा वर चढवला. मग म्हणाले, "चूक नाही. खरं आहे तुझं. पण पेपरात लिहू नकोस."

एवढं बोलून त्यांनी बीपीसाठी हात पुढे केला. मला परत पाठवलं नाही. मुली दुरून बघत होत्या, त्यांना फार वाईट वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग होतं. जखम धुताना किती दुखतं ते विचारायचं आणि आकड्यात लिहायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. मी समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं, "साडेतीन."

"आजोबा, अर्धा नसतो यात."

"का नसतो? मी आयुष्यभर अर्धा मार्क दिला आहे."

मी साडेतीन लिहिलं. थोड्या वेळाने आमच्या मॅडम आल्या. आम्हाला वॉर्डात शिकवायला असलेल्या या मॅडम बुटक्या होत्या, पायात कॅनव्हासचे बूट घालायच्या, आणि कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. त्यांनी वहीत पाहिलं.

"साढ़े तीन?"

"जी मॅडम. उन्होंने ही बोला."

"और उनका मुँह क्या बोला? हाथ क्या बोले?"

मला माहीत नव्हतं. मी त्या वेळी माझ्या पेनाकडे बघत होते. मॅडमनी वही माझ्या हातातून काढून पाठीमागे धरली. "चलो, बताओ. आज इन्होंने दाढ़ी बनाई है कि नहीं?"

मी वळून बघायला लागले तर म्हणाल्या, "देखना नहीं. बताना है."

मला सांगता आलं नाही. मी सकाळपासून त्या माणसाजवळ तीनदा जाऊन आले होते. त्याचं तापमान, नाडी, बीपी, सगळं मला पाठ होतं. पण त्याला दाढी होती की नव्हती ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी मी वही ठेवून दिली आणि माणसाकडे पाहिलं. मास्साबांनी पलंगाची दांडी अशी पकडली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. कपाळाची शीर फुगली होती. मी विचारलं, "आज किती?"

"चार."

"आजोबा, खरं सांगा. तुम्ही दहापैकी दहा कधी देता?"

"दहापैकी दहा मी जन्मात कोणाला दिलेले नाहीत," ते दात आवळून म्हणाले. "निबंधाला सर्वांत जास्त साडेसहा दिले. ती मुलगी आता कॉलेजात शिकवते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की यांचे चार म्हणजे दुसऱ्या कोणाचे आठ असतील. मी जाऊन मॅडमना सांगितलं, मॅडमनी डॉक्टरांना सांगितलं, आणि तेव्हापासून ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी त्यांना दुखणं कमी करायची गोळी मिळू लागली. त्यांचा आकडा दोनवर आला. "हं," ते म्हणाले, "आता वाचण्यासारखं झालं आहे."

त्यानंतर मी इतकं बघायला लागले की विचारू नका. दाढी, नखं, चादर, उशीखाली काय आहे, चहा किती वेळात पितात, कोणत्या कुशीवर झोपतात. एका दिवसात चौदा पानं भरली. मॅडमनी ती उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "ये नर्सिंग नोट है कि उपन्यास? इनकी कंघी के कितने दाँत हैं, इससे मुझे क्या?"

मी खरंच कंगव्याचे दात मोजले होते.

दुसऱ्या आठवड्यातला एक दिवस. शेजारच्या दहा नंबरवर ओमतीकडचे एक हलवाई होते. त्यांना कावीळ झाली होती आणि तेल-तूप पूर्ण बंद होतं. जन्मभर कढईसमोर बसलेला माणूस, त्याला उकडलेला दुधी आणि मुगाचं पाणी. ज्याच्या हातात ताट दिसेल त्याच्याकडे ते लहान मुलासारखे बघत. मास्साबांशी त्यांची मैत्री झाली होती, कारण मास्साब त्यांना ऊठसूट दुकानाच्या पाटीवरचं शुद्धलेखन विचारत आणि हलवाई तेवढ्यापुरती भूक विसरत.

त्या दिवशी साडेअकराला सिस्टरने मास्साबांना इन्सुलिन दिलं. बाराला ताटं आली. मी दुसऱ्या टोकाला एका मैत्रिणीला चादर बदलायला मदत करत होते. साडेबाराला येऊन पाहिलं तर मास्साबांचं ताट स्वच्छ, पोळीचा तुकडाही नाही. मी खूश झाले. एरवी ते अर्धं टाकत. वहीत लिहिलं: भोजन, पूर्ण.

दीडच्या सुमाराला मी बीपीचं यंत्र घेऊन गेले. ते उशीला टेकून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले.

"आजोबा, बीपी घेऊन राहिली मी."

"बरं," ते म्हणाले.

मी पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला. ठीक होता. नाडी ठीक होती. वहीत लिहिलं आणि पुढच्या बेडकडे निघाले. चार पावलं गेले आणि थांबले. काहीतरी राहून गेलं होतं. काय ते कळेना. यंत्र घेतलं होतं, पेन घेतलं होतं. मग समजलं. त्यांनी मला टोकलं नव्हतं.

मी परत गेले आणि मुद्दाम म्हणाले, "आजोबा, तुमची पाय कसा आहे?"

"छान."

यंत्र खाली ठेवलं. मी आणखी घोर अपराध केला. "तुमच्या सून आज कधी येणार आहेस?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण हे शोधत असल्यासारखं. मग हसले आणि म्हणाले, "ठीक है बेटी. सब ठीक है."

हिंदीत! माझ्याशी ते कधी हिंदीत एक शब्द बोलले नव्हते. डॉक्टरांशीही हिंदी बोलताना त्यांचा चेहरा पाहुण्याकडे राहायला गेलेल्या माणसासारखा व्हायचा. मी त्यांचा हात धरला. तळवा गार आणि ओला. वर पंखा जोरात फिरत होता आणि त्यांच्या मानेवर घाम होता.

मी सिस्टरच्या टेबलाकडे पळाले. "दीदी, नौ नंबर मेरी मराठी ठीक नहीं कर रहे!"

सिस्टर औषधं मोजत होती. "तो मिठाई बाँटो."

"दीदी, हिंदी बोल रहे हैं!"

टेबलाशी एक तरुण डॉक्टर फाइल लिहीत बसले होते. त्यांनी मान वर केली. "हिंदी बोलना कौन सी बीमारी है?"

मला रडू यायला लागलं. आम्हाला वर्गात शिकवलं होतं की डॉक्टरांना सांगायचं ते कसं सांगायचं: पेशंट कोण, काय बदललं, तुम्ही काय पाहिलं, तुम्हाला काय वाटतं. ते सगळं मला पाठ होतं आणि त्यातला एकही शब्द तोंडातून निघत नव्हता. तेवढ्यात मागून मॅडमचा आवाज आला. "और? और क्या देखा?"

मी श्वास घेतला. "मॅडम, सुस्त हैं. सुबह मुझे ग्यारह बार टोका था, अब एक बार भी नहीं. मुझे ठीक से पहचाना नहीं. हाथ ठंडे हैं, पसीना है. बीपी, नाड़ी ठीक है. साढ़े ग्यारह बजे इन्सुलिन लगा है."

डॉक्टर उठले. सिस्टरने हातातल्या गोळ्या तशाच ठेवल्या आणि साखर मोजायचं यंत्र उचललं. आम्ही सगळे नऊ नंबरकडे निघालो. चालता चालता मॅडमनी विचारलं, "खाना खाया था?"

"जी मॅडम. पूरा."

"तुमने खाते देखा?"

मी ताट पाहिलं होतं.

आम्ही मास्साबांच्या पलंगाभोवती उभे राहिलो. सिस्टरने त्यांच्या बोटाला सुई टोचली. तेवढ्यात दहा नंबरवरच्या हलवायांनी वर्गात परवानगी मागावी तसा एक हात वर केला.

"मॅडमजी," ते अगदी हळू म्हणाले, "वो खाना... हमने खाया था."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मास्साब ने दिया था. बोले, आज बहू घर से पिठला-भाकरी ला रही है, तुम खा लो. हम तो मना कर रहे थे." जरा थांबून त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "ज़्यादा मना नहीं किया."

यंत्रावर आकडा आला. बेचाळीस. साखर इतकी खाली की डॉक्टरांनी पुढचं काही विचारलं नाही, सिस्टरकडे हात केला आणि ती आधीच ग्लुकोजची बाटली शोधत होती.

हलवायांना अपराधाचा असा काही झटका आला की त्यांनी उशीच्या अभ्र्यात हात घातला आणि आतून एक पुडा काढला. खव्याची जिलबी. पाकात निथळत असलेली. कावीळ झालेल्या माणसाच्या उशीत ती कधीपासून होती, देव जाणे. "ये खिला दो! अभी शक्कर चढ़ जाएगी!" म्हणत ते अर्धी जिलबी घेऊन मास्साबांच्या तोंडाकडे वाकले.

मॅडमनी त्यांचं मनगट हवेतच पकडलं. "मुँह में कुछ नहीं! आधे होश में हैं, साँस की नली में चला गया तो?" आणि मग माझ्याकडे वळून, तेवढ्या गडबडीत, "याद रखना. होश पूरा न हो तो मुँह से कुछ नहीं देना." त्या शिकवायचं सोडत नसत. जिलबीचा पाक त्यांच्या घड्याळावर ओघळत होता.

मास्साबांच्या हातात अँटिबायोटिकसाठी सुई आधीच लावलेली होती. डॉक्टरांनी तिच्यातून ग्लुकोज सोडलं. मी त्यांचा दुसरा हात धरून उभी होते. मला वाटत होतं की माझ्यामुळे हा माणूस जाणार, मी लिहिलेल्या एका शब्दामुळे.

थोड्या मिनिटांत त्यांच्या पापण्या हलल्या. कपाळ कोरडं व्हायला लागलं. त्यांनी एकेक करून आम्हाला पाहिलं: डॉक्टर, सिस्टर, मॅडम, जिलबी धरलेले हलवाई.

डॉक्टरांनी मराठी येत असल्याच्या आनंदात विचारलं, "कसा आहे तुम्ही?"

"कसे," मास्साब म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. "कसे आहात."

मी तिथेच रडायला लागले. सिस्टरने मला एका हाताने बाजूला सारलं आणि दुसऱ्या हाताने हलवायांच्या हातातली जिलबी काढून घेतली. उशी झटकली तेव्हा आणखी एक पुडा निघाला.

पंधरा मिनिटांनी परत साखर मोजली, ती वर आली होती. मग त्यांना खायला दिलं, आणि या वेळी प्रत्येक घास मी पाहिला. सूनबाई दोन वाजता धावत आल्या. शाळेत परीक्षेची ड्यूटी लागली होती म्हणून उशीर झाला, पिठलं गार झालं होतं. काय झालं ते ऐकून त्या स्टुलावर बसल्या आणि सासऱ्यांना इतकं बोलल्या की व्याकरण तपासायला त्यांना सवडच मिळाली नाही.

मॅडम मला शाबासकी देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला औषधांच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. मी ते सगळ्यांच्या आधी ओळखलं, ते चांगलं केलं, असं त्या एका वाक्यात म्हणाल्या. पुढची सगळी वाक्यं ताटाविषयी होती. इन्सुलिन घेतलेल्या माणसाचं जेवण म्हणजे औषध, ते कोणाच्या पोटात गेलं ते बघायचं, रिकामं ताट काही सांगत नाही. काय झालं ते सगळं, माझ्या चुकीसकट, मला स्वतः कागदावर लिहून द्यायला लावलं. साखर उतरली की नाडी जोरात चालते, ती या वेळी का वाढली नाही तेही त्यांनी मला शोधायला लावलं. मास्साब बीपीसाठी जी गोळी घेत होते ती नाडी वाढू देत नाही, तिच्यामुळे अशा वेळचा निम्मा गोंधळ दिसतच नाही.

संध्याकाळी बाबा कारखान्यातून सायकलने घरी आले, हातपाय धुतले, आणि मी चुलीशी बसून आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, आई तरी जवळ घेईल.

"काहून गं," ती पोळी उलटवत म्हणाली, "माणूस जेवून राहिला का नाही, हे पाहाले शिकावं लागते?"

बाबा हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्साबांनी मला स्टुलावर बसवलं. आवाज लहान करून विचारलं, "काल मी काय बोललो?"

मी सांगितलं. छान म्हणालात, बरं म्हणालात, मग हिंदीत बोललात.

"मला तुझं सगळं ऐकू येत होतं," ते म्हणाले. "तू 'तुमची पाय' म्हणालीस ना? काहीतरी वाकडं आहे एवढं कळत होतं. पण शब्द येईना. समोर होता, रस्त्याच्या पलीकडे उभा राहावा तसा. हाक मारता येईना." मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "मला वाटलं, गेलं सगळं. आता असाच राहणार मी."

वर्गात यावरही काहीतरी शिकवलं असणार. मी त्यांचा हात धरला आणि बसून राहिले. त्यांनी चष्मा पुसून परत लावला.

"हिंदी तरी शुद्ध होती का?"

"एकदम शुद्ध, आजोबा."

"मग ठीक."

अजून आठवडाभर ते होते. त्या आठवड्यात मी रोज बाराला त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसायची आणि शेवटचा घास गिळेपर्यंत उठायची नाही. ते म्हणत, तुरुंगातही असं जेवायला लावत नसतील. हलवायांचा बेड मॅडमनी दूर खिडकीपाशी हलवला होता. तिथून ते दोघं एकमेकांना हात करत. जखम भरत आली, साखर ताब्यात आली, आणि एका सकाळी सूनबाई आणि मुलगा त्यांना घ्यायला आले. पायासाठी खास मऊ चप्पल आणली होती. ऑटोत बसताना त्यांनी मला सांगितलं, अभ्यास कर. आणि ऑटोवाल्याला सांगितलं, सावकाश चल.

वर्गासमोर त्यांच्याविषयी बोलले तेव्हा मला बरे मार्क मिळाले, फार बरे नाहीत. मॅडमनी पानं जास्त झाली म्हणून कापले.

त्याच दुपारी नऊ नंबरवर नवा पेशंट आला. रांझीकडचाच, माझ्या बाबांच्या वयाचा, छातीत कफ भरून ताप आलेला. मी नमस्कार केला, त्याने केला नाही. नाव विचारलं, त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. दुखतं का विचारलं, काही नाही. हा माणूस तापाने असा झाला आहे की असाच आहे, हे मला कसं कळणार? नाडी घेतली, श्वास मोजले, घाम पाहिला, दाढी पाहिली. मग बाहेर जाऊन बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला विचारलं.

"दीदी, ये रोज़ कैसे रहते हैं? घर में बोलते हैं?"

तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून बराच वेळ विचार केला.

"शादी को बाईस साल हुए," ती म्हणाली. "रोज़ तो इससे भी कम बोलते हैं."

मी आत जाऊन ते वहीत लिहिलं.